मिलिंद, तुझ्या गाडीचं अर्थिंग

मिलिंद, तुला गावी पोचवून मी परत आले. तू असतास तर मी चपला काढायच्या आधीच विचारलं असतंस, "ताई, वाटेत इन्व्हर्टर ओरडला का?" नाही ओरडला. हैदराबादपासून देगलूरपर्यंत एकदाही नाही. हे ज्याला सांगावं असं दुसरं माणूस मला नाही, म्हणून तुलाच सांगतेय.

लोक भेटायला येतात. तुझ्या बायकोजवळ, रेखाजवळ बसतात, मग माझ्याजवळ बसतात, तू किती चांगला होतास ते सांगतात. मला ते ऐकवत नाही. चांगला होतास, पण चिडका होतास, हट्टी होतास. जेवताना कुणी बोललेलं तुला चालायचं नाही, आणि थोरल्या बहिणीला उलट उत्तर देताना तुझी जीभ कधी अडखळली नाही. त्या मिलिंदबद्दल कुणी काही बोलत नाही. तुझ्या गाडीबद्दलही नाही. ती आमच्या गल्लीत शाळेच्या भिंतीलगत उभी आहे आणि माणसं तिच्याकडे न बघता बाजूने निघून जातात.

मी सरकारी दवाखान्यात सिस्टर आणि तू बेगम बाजारातून किराण्याची पोती भरून शहरभर पोचवणारा. आपल्या कामांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. तो जोडला गेला बिलोलीकडच्या एका म्हाताऱ्यामुळे. त्याची बायको माझ्या वॉर्डात वारली. मराठवाड्यातून माणसं मोठ्या आशेने इथे येतात. इथली तेलुगू त्यांना कळत नाही, आणि वॉर्डात मराठी बोलणारी सिस्टर आहे असं समजलं की ती माझ्या मागेमागे फिरतात. हा म्हातारा शवागाराच्या पायरीवर बसून राहिला होता. बाहेरच्या गाडीवाल्यांशी बोलायची त्याची हिंमत नव्हती. मी तुला फोन केला. तू एवढंच विचारलंस, "गाव कुठलं?" मी सांगितलं. "आलो," म्हणालास.

त्यानंतर मी फोन करत गेले आणि तू येत गेलास. तुझी पिकअप तेव्हाच जुनी होती. दारं आपटल्याशिवाय लागत नव्हती. तू कुठूनशी मयत ठेवायची एक वापरलेली फ्रीजर पेटी मिळवलीस, काचेच्या झाकणाची. मागच्या हौद्यात ती बसवलीस आणि तिला वीज द्यायला इन्व्हर्टर जोडलास. मला वॉर्डातून निघून घरी जाता यायचं, जेवता यायचं, झोप यायची, ते सगळं तुझ्यामुळे. हे तुला मी कधी बोलून दाखवलं नाही. आपल्या घरात असं बोलायची पद्धतच नव्हती.

मग एप्रिलमधली ती मुलगी.

मुखेडच्या बाजूची. बारावीची परीक्षा देऊन तापाने पडलेली, इथे आणेपर्यंत फार उशीर झालेला. बाप एकटाच बरोबर होता, खांद्यावर टॉवेल टाकून. दुपारच्या उन्हात तुम्ही निघालात. पुढचं सगळं तू माझ्या स्वयंपाकघरात उभ्याउभ्या सांगितलंस, मी बस म्हटलं तरी बसला नाहीस. जोगीपेटपासूनच इन्व्हर्टर मधूनमधून ओरडायला लागला होता. वीज कमी पडली की तो पेटी बंद करून टाकायचा. बॅटरी नवी होती, म्हणून तुला वाटलं, होईल ठीक. पिटलमच्या पुढे बापाला तहान लागली, तू हापशाजवळ गाडी थांबवलीस आणि इंजिन बंद केलंस. पुन्हा चालू करायला सेल्फ मारला तर फक्त 'कट्' असा आवाज. पुन्हा 'कट्'. हेडलाइट लावून बघितले तर पिवळट, विझायला आल्यासारखे.

बाप हापशावर टॉवेल भिजवायचा आणि काचेवर पसरायचा. तो लगेच वाळायचा. तो पुन्हा हापशाकडे जायचा. तू गाडीखाली होतास आणि तुला त्याचे पाय दिसत होते, जाणारे आणि येणारे. तो तुला एक वाकडा शब्द बोलला नाही. उलट म्हणाला, "तुमाला लई तरास झाला भाऊ."

शेवटी एका ट्रॅक्टरवाल्याने ओढून गाडी चालू करून दिली. पण पेटी बंदच राहिली. गावात पोचलात तेव्हा घरच्या मोठ्या माणसांनी झाकण उघडलं आणि लगेच लावून टाकलं. मुलीची आई पुढे आली तर तिला दोन बायकांनी धरून ठेवलं. "नको बघूस," म्हणाले. तिला तोंड न दाखवताच मुलीला नेलं.

"ताई, त्या बाईने मला विचारलं, माझीच लेक हाय ना भाऊ त्याच्यात?" हे सांगून तू बेसिनमध्ये हात धूत राहिलास, हात स्वच्छ होते तरी.

त्या दिवसानंतर तू गाडीच्या मागे लागलास. एकाने बॅटरी बदलायला लावली, दुसऱ्याने सेल्फ खोलून पुन्हा भरला, तिसऱ्याने डायनमोला दोष दिला. गाडी चार दिवस नीट चालायची आणि पुन्हा तेच. ब्रेक दाबला की मागचे इंडिकेटर मंद पेटायचे. एकदा तू मला बोलावून म्हणालास, "सेल्फ मारताना अ‍ॅक्सिलरेटरची केबल तापते. हात लावून बघ." खरंच तापली होती. तिच्यावरचं प्लास्टिक एका जागी वितळून काळं पडलं होतं. वीज त्या केबलमधून कशाला जाईल, हे तुला कळेना. शब्बीरभाईंना विचारलंस. चादरघाटला बॅटरीचं दुकान, तुझा शाळेपासूनचा दोस्त. ते हसले. "मियाँ, बैटरी कू कैकू गालियां देरे? अर्थ देखो पैले."

तो रविवार मला चांगला आठवतो. शाळा बंद होती, गल्लीत कुणी नव्हतं. तू पुठ्ठा अंथरून गाडीखाली शिरलास आणि मला वर वीज मोजायचा मीटर देऊन उभं केलंस. मला काही कळत नव्हतं, म्हणून तू खालूनच ओरडून सांगत होतास. बॅटरीतून निघालेली वीज दिव्यात जाते, सेल्फमध्ये जाते. पण तिला परत बॅटरीकडे यायला लागतं, आणि येते ती गाडीच्या लोखंडातून. त्या परतीच्या वाटेत कुठे गंज असला, रंग असला, बोल्ट सैल असला की पुढे भरलेली बॅटरी असून काही उपयोग नाही. "एक टोक बॅटरीच्या मायनसला लाव, दुसरं इंजिनच्या लोखंडाला. मी सेल्फ मारतो, तू आकडा वाच. शून्याच्या जवळ राहायला पाहिजे."

तू केबिनमध्ये चढून सेल्फ मारलास. आकडा उडी मारून वर गेला. मी वाचून दाखवला. तू किल्ली तशीच धरून बसलास.

इंजिनपासून गाडीच्या सांगाड्यापर्यंत, चासीपर्यंत, तांब्याच्या तारांची विणलेली पट्टी असते, ती तुटून लोंबत होती. वर एवढं ऑइल आणि धूळ बसली होती की कुणाला दिसलीच नाही. म्हणून सेल्फची सगळी वीज त्या बिचाऱ्या अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढत होती. बॅटरीची मायनसची वायर चासीला जिथे लावली होती तिथे हिरवी पूड जमली होती. आणि इन्व्हर्टरची काळी वायर बसवणाऱ्याने हौद्याच्या रंगवलेल्या अँगलवर तशीच आवळून टाकली होती. रंग खरवडायचे कष्टसुद्धा घेतले नव्हते. ती वायर तू हातात घेतलीस आणि अँगलवरचा रंग नखाने खरवडलास. तुला पिटलम आठवत होतं. मलाही.

आपण ट्रूप बाजारात जाऊन वेल्डिंगची जाड केबल आणली. तुकडे करून टोकांना बोल्टसाठी भोक असलेली तांब्याची थिंबलं दाबून घेतली. परत येऊन तू एकेक जागा पॉलिश पेपरने घासलीस, लोखंड चकाकेपर्यंत. मी म्हटलं, "झालं की आता." तू म्हणालास, "अजून नाही झालं." बॅटरीच्या मायनसपासून थेट इंजिनला एक केबल टाकलीस, इंजिनपासून चासीला दुसरी, चासीपासून केबिनच्या पत्र्याला आणखी एक. इन्व्हर्टरची वायर अँगलवरून काढून सरळ बॅटरीपर्यंत आणलीस. मागच्या दिव्यांचं अर्थिंगही वेगळं केलंस. दातेरी वॉशर घालून प्रत्येक बोल्ट आवळलास, आणि पुन्हा गंज धरू नये म्हणून मी मेडिकलमधून आणलेली पेट्रोलियम जेली वरून फासलीस. जखमेला लावतात तशी हलक्या हाताने. मी तुला हसले होते.

मग पुन्हा मीटर. तू सेल्फ मारलास, इंजिन लगेच पकडलं, आणि माझ्या हातातला आकडा जेमतेम हलला. पेटी लावली, दिवे लावले, पंखा लावला. इन्व्हर्टर गप्प. तू खाली उतरलास, केसांत गंजाचा भुगा, कपाळावर काळा पट्टा, आणि लहानपणी पतंग कापल्यावर हसायचास तसा हसलास. तुला इतका मोकळा हसताना मी पुन्हा कधी पाहिलं नाही. माझ्याकडे तुझी ती आठवण आहे याबद्दल मी फार ऋणी आहे, मिलिंद. खरंच.

पण ते हसू टिकलं नाही. तू पाने-पकडी पुसता पुसता म्हणालास, "एवढंच होतं ताई. एवढंच करायचं होतं. एक रविवार."

पुढे बेगम बाजारात बातमी गेली. कुणीतरी तुला आमच्या दवाखान्याच्या मागच्या फाटकातून पेटी घेऊन निघताना पाहिलं. ज्या शेठकडे तू वर्षानुवर्षं पोती उचललीस तो म्हणाला, "अनाज की गाडी में मुर्दा? कल से नक्को आव." तू त्याला सांगितलंस की गाडी दर वेळी फिनेलने धुतो. तो म्हणाला, धुण्याचा सवाल नाही. आणखी दोघांनी माल देणं बंद केलं. एकाने तुझ्या आडनावावरून काहीतरी शेराही मारला, तो तू मला सांगितला नाहीस. शब्बीरभाईंकडून कळला.

रेखाला ती गाडी कधीच आवडली नव्हती. लग्नाला जायचं असो की दवाखान्यात, ती ऑटोने यायची, पण त्या गाडीत पाय ठेवायची नाही. आता घरात भांडणं सुरू झाली. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही सांगा त्यांना. तुमचं ऐकतील." म्हणून मी तुला सांगितलं. गाडी आता नीट झालीय, चांगली किंमत येईल, विकून टाक. दुसरी घे, फक्त मालाची. दवाखान्यातल्यांचं बघायला दुसरे कुणी ना कुणी असतील.

तू ताट बाजूला सारलंस. "कोण आहे दुसरं? नाव सांग."

"तुझ्या पोरींच्या फीचं बघ आधी."

"ते मी बघतोय. तू तुझ्या वॉर्डात कागदावर सह्या घेतेस, फाटकापर्यंत येतेस. फाटकाच्या पुढचं तुला काय माहीत?"

मला राग आला. "मी रोज माणसं मरताना बघते. मला शिकवू नकोस."

"तू मरताना बघतेस ताई," तू म्हणालास. "मी पोचताना बघतो. एकदा तरी गाडीत बसून चल, मग गाडी विकायची गोष्ट कर."

मी गेले नाही. तू पुन्हा म्हणाला नाहीस. गाडी विकली नाहीस, मिळेल तो माल भरत राहिलास. भंगार, प्लायवूड, लग्नाच्या खुर्च्या. आपलं फोनवर बोलणं व्हायचं, पण कामापुरतं. मी नाव आणि गाव सांगायचे. तू "आलो" म्हणायचास. तुझं बरोबर होतं की रेखाचं, हे मला आजही ठरवता येत नाही. मुलींच्या फीसाठी रेखाने शिलाईचं काम घेतलं, तिचे डोळे बिघडले. आणि तिकडे कितीतरी आयांना आपापल्या माणसाचं तोंड दिसलं. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांचा मेळ मला लावता येत नाही.

मग तू घरी बूट घालताना कोसळलास. मेंदूतली शीर फुटली होती. शब्बीरभाई तुला माझ्याच दवाखान्यात घेऊन आले. कॅज्युअल्टीतला तरुण डॉक्टर मला ओळखत होता. मी ड्रेसवर होते, म्हणून तो नेहमीच्या सुरात म्हणाला, "सिस्टर, पेशंटचा अटेंडर कोण आहे? घरच्यांना बोलवा." मी म्हटलं, "मीच." त्याने हातातले कागद खाली ठेवले.

तू शुद्धीवर आला नाहीस. मी शेकडो नातेवाइकांना सांगितलंय, बोला त्यांच्याशी, कानाजवळ बोला. मी वाकले आणि मला काही सुचेना. "मिलिंद, मी इथे आहे," एवढंच म्हणाले, आणि तेच पुन्हा म्हणाले. तुझ्या हाताच्या रेघांत काळं ऑइल होतं. माझ्याबरोबरची सिस्टर स्पिरिटने ते पुसायला लागली, मी तिला थांबवलं.

तू गेल्यावर मी अ‍ॅम्ब्युलन्स सांगितली. रेखाच्या समोर ती गाडी आणायचा माझ्या मनात विचारही नव्हता. शवागाराच्या बाहेर रेखा बाकावर बसली होती. अ‍ॅम्ब्युलन्स लागलेली बघून ती उठली.

"ही कुणासाठी?"

"मिलिंदसाठी. आणि तू माझ्याबरोबर..."

"त्यांना त्यांच्या गाडीत न्यायचं," ती म्हणाली. "दुनियाभरची माणसं त्यांनी तिच्यात नेली. त्यांच्या वेळेला परकी गाडी? नाही ताई. मीपण तिच्यातच बसणार."

मी शब्बीरभाईंकडे बघितलं. त्यांनी आधीच हात पुढे केला होता. "आपा, चाबी देव. गाडी मैं चलातूं."

रेखा दोन्ही मुलींना घेऊन पुढे बसली, पहिल्यांदाच. दार तिने एकदा लावलं, लागलं नाही. मग जोरात आपटलं. मी मागे हौद्यात, पेटीजवळ. काचेतून तू दिसत होतास. संगारेड्डी गेलं, जोगीपेट गेलं. ऊन तसंच होतं, एप्रिलसारखं. मी तुझ्याकडे कमी आणि इन्व्हर्टरच्या हिरव्या दिव्याकडे जास्त बघत होते. तुझ्या मरणाचं रडू मला त्या रस्त्यावर आलं नाही. सगळा जीव कानात जमा झाला होता.

पिटलमच्या पुढे धाकट्या पोरीला उलटी झाली. शब्बीरभाईंनी गाडी कडेला घेतली आणि सवयीने इंजिन बंद केलं. मी मागून ओरडले, "बंद नका करू!" तोवर झालं होतं. रस्त्यावर एकदम शांतता. पोरीने तोंड धुतलं, पाणी प्याली. शब्बीरभाई मागे येऊन माझ्याकडे बघत उभे राहिले. त्यांनाही सगळं माहीत होतं. मग पुढे गेले आणि सेल्फ मारला.

लगेच लागलं. पहिल्याच झटक्यात. पेटी एकदाही थांबली नाही.

तेव्हा रडले मी. हौद्याच्या कडेला धरून, तोंडात पदर कोंबून, पुढे पोरींना ऐकू जाऊ नये म्हणून. तू गेलास याचं रडू होतं, आणि तू केलेलं काम इतकं पक्कं निघालं याचंही होतं. तू मात्र ते बघायला नव्हतास.

एक गोष्ट तुला सांगायला हवी, कारण तू खोटं बोललेलं ओळखायचास. तू ज्यांना ज्यांना पोचवलंस त्यांच्यातलं कुणी आलं नाही. त्यांना कळणार तरी कसं? त्यांना तुझं नावसुद्धा माहीत नव्हतं. गावातली आपली माणसं, रेखाचे भाऊ, शब्बीरभाई, एवढेच. पांढरं कापड आलं, मेणबत्त्या लावल्या, वंदना म्हटली. सगळं नीट झालं आणि लवकर झालं.

पण त्याच्या आधी माय.

तिला आता उजेड आणि सावली एवढंच कळतं. तिला दोघांनी धरून ओट्यावर आणलं. शब्बीरभाईंनी आणि मी पेटी उतरवली, मी झाकण उघडलं. मागे कुणीतरी पुटपुटलं, म्हातारीला कशाला. मी म्हटलं, "तिला बघू द्या." तिचा हात धरून मी तुझ्या कपाळावर ठेवला. तिने तुझं नाक चाचपलं, मिशा, हनुवटीवरचा तो लहानपणीचा व्रण. व्रणावर बोट थांबलं. तिची खात्री पटली.

मिलिंद, तू कुणाला आसपासच्या गावी पोचवून परतताना मायकडे भाकर खायला थांबायचास, आणि ती तुला विचारायची की आज कुणाला आणलंस, हे मला माहीत नव्हतं. शेजारच्या वहिनीने तिथे सांगितलं. तू सांगायचास आणि ती ज्यांना कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी हळहळायची. ही तुमची दोघांची गोष्ट होती. मला कधी कळली नाही.

माय तुझ्या तोंडावरचा हात न काढताच म्हणाली, "याला कोन आनलं?"

तिला धरणाऱ्या दोघांनी माझ्याकडे बघितलं.

"इचारते ना मी. कोन घिऊन आलं माझ्या लेकराला?"

"मी आणलं, माय," मी म्हटलं. "मी सुनंदा."

तिने दुसऱ्या हाताने हवेत मला शोधलं, मनगट सापडलं, आणि घट्ट धरून मला खाली, तुझ्या उशाशी ओढून बसवलं.